नव्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवावे का, आणि बसवायचे तर कोणत्या क्रमाने?

फैजपूरकर_मास्तर

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या मुलीला यंदा जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेत प्रवेश मिळाला. बागेतली केळी कापली गेली, व्यापाऱ्याकडून पैसे हाती आले आणि त्यातून तिला लॅपटॉप घेऊन दिला. त्यात ५१२ जीबीची एसएसडी आणि १६ जीबी रॅम असून विंडोज ११ होम कंपनीकडूनच बसवून आलेले आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उबुंटू, म्हणजे लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या संगणक प्रणालीचा एक प्रकार, वापरतात, त्यामुळे स्वतःच्या यंत्रावरही तेच असावे अशी तिची इच्छा आहे.

अडचण अशी की हा लॅपटॉप घरात एकच आहे. मुलगी सुटीत घरी आली की मी त्यावर शाळेच्या प्रश्नपत्रिका करतो, आणि त्या सर्व जुन्या फाइली श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या आहेत. माझी पत्नी बचत गटाचा हिशेब त्यावरच ठेवते. म्हणजे विंडोज काढून टाकणे शक्य नाही. दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर सुखाने नांदतात का? कोणाला किती जागा द्यावी? भुसावळला आमच्या एका नातेवाइकांनी असाच प्रयोग कोणाकडून तरी करून घेतला होता, आणि त्यात लग्नाचे सगळे फोटो गेले. ते ऐकल्यापासून मुलीला 'थांब' एवढेच सांगत आलो आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांझरा

सर, बाकी सर्व नंतर. आधी एवढे पाहून सांगा की सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसते की बंद?

फैजपूरकर_मास्तर

आत्ताच पाहिले, चालू दिसते. मी किंवा मुलीने ते चालू केलेले नाही.

मेहरूण_काठ

पांझराभाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, म्हणून तेच जरा विस्ताराने लिहितो. मी जळगावातच एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळतो आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नवे लॅपटॉप घेऊन आलेली मुले माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात.

विंडोज ११ च्या २०२४ सालच्या २४एच२ आवृत्तीपासून आपोआप एन्क्रिप्शन होण्याच्या अटी सैल झाल्या. त्यामुळे नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला की पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. एरवी याचा काही त्रास नाही, कारण त्या कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते आणि यंत्र ती स्वतःच लावून घेते. परंतु सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) बंद केले, बूट होण्याची, म्हणजे यंत्र सुरू होण्याची साखळी बदलली किंवा बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही मोठा फेरफार केला, की चिप किल्ली द्यायला नकार देते आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती जवळ नसेल तर डिस्कवरची माहिती कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही, कारण त्या कुलपाचा हेतूच तो आहे.

तेव्हा सर, लिनक्स बसवण्यासाठीची पेनड्राइव्ह बनवण्याच्याही आधी मुलीला तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून ती की शोधायला सांगा आणि ४८ च्या ४८ अंक कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपवर फाइल करून ठेवू नका. ती किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावण्यासारखे होईल. लिहून झाल्यावर दुसऱ्या माणसाने ते अंक पडद्याशी ताडून पाहावेत. एक अंक चुकला तरी संपूर्ण की निरुपयोगी ठरते.

गिरणाथडी

मास्तर, माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला डिस्कचे तुकडे करण्याची गरजच नाही. विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे. एका आज्ञेत उबुंटू उतरते आणि काळ्या खिडकीत चालू लागते. सी भाषा, पायथन, गिट, शेलच्या आज्ञा हे सर्व त्यात व्यवस्थित होते. काही बिघडले तर ते काढून पुन्हा बसवता येते आणि विंडोजला धक्का लागत नाही. मी चाळीसगावहून घरबसल्या काम करतो, माझी रोजची नोकरी गेली तीन वर्षे डब्ल्यूएसएलवरच चालली आहे.

जिथे यंत्र एक आणि वापरणारे तिघे आहेत, तिथे कमीत कमी जोखमीचा मार्ग घ्यावा.

तापीकाठ

गिरणाथडीदादा, तुमचा सल्ला तुमच्या कामाच्या दृष्टीने योग्यच आहे, परंतु शिकणाऱ्या मुलीच्या दृष्टीने तो मला अपुरा वाटतो. मी स्वतः यावल तालुक्यातून जळगावला शिकायला गेले आणि पहिली दोन वर्षे विंडोजच्या आत चालणाऱ्या आभासी यंत्रात लिनक्स वापरले. ४ जीबी रॅममध्ये दोन प्रणाली एकावेळी चालवताना यंत्र इतके मंदावे की लिनक्सच संथ आहे असा माझा समज झाला. तिसऱ्या वर्षी डिस्कवर स्वतंत्रपणे बसवले तेव्हा खरी गती दिसली.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय पुढे येईल तेव्हा यंत्र सुरू कसे होते, पार्टिशन म्हणजे काय, फाइल सिस्टिम कशी जोडली जाते, ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) कुठे बसतो, हे प्रश्न येतील. डब्ल्यूएसएलमध्ये या गोष्टी विंडोज परस्पर सांभाळते, त्यामुळे त्या डोळ्यांना दिसत नाहीत. यूएसबीला जोडलेले अर्डुइनोसारखे उपकरणही त्यात थेट पोहोचत नाही, त्यासाठी वेगळी जोडणी करावी लागते. ज्या मुलीने एकदा स्वतःच्या हाताने पार्टिशन केले, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग पाडले आहेत, तिला पुस्तकातले ते प्रकरण घोकावे लागत नाही. म्हणून सर, माझी विनंती आहे की बसवायचे असेल तर दुकानात देऊन बसवून घेऊ नका. तिच्याच हाताने होऊ द्या, तुम्ही शेजारी बसा.

गिरणाथडी

ताई, शिकण्याचा मुद्दा मान्य आहे. तरी घरातल्या बाकी दोघांच्या फाइली डिस्कवर आहेत हे विसरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

पांझरा

दोघांचेही बरोबर आहे, आणि दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात. धुळ्यात माझे दुरुस्तीचे दुकान आहे. दोन प्रणाली बसवताना बिघडलेली जी यंत्रे माझ्याकडे येतात, त्यांत सर्वांत मोठा भाग एकाच चुकीचा असतो. इन्स्टॉलरने, म्हणजे प्रणाली बसवणाऱ्या प्रोग्रॅमने, विचारलेला प्रश्न न वाचता 'संपूर्ण डिस्क पुसून बसवा' हा पर्याय निवडलेला असतो. सरांच्या नातेवाइकांचे फोटो बहुधा असेच गेले असावेत. त्यात लिनक्सचा दोष नाही आणि विंडोजचाही नाही. जाणकार म्हणून बसवायला बसलेला माणूस घाईत होता.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. प्रथम प्रश्नपत्रिका, हिशेब, फोटो हे सर्व बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावे, आणि ती दुसऱ्या संगणकाला जोडून चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. त्यानंतर विंडोजची रिकव्हरी ड्राइव्ह एका १६ किंवा ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर करून घ्यावी. ती सोय विंडोजमध्येच आहे.

मग जागा मोकळी करायची, आणि ती विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मधूनच करायची. लिनक्सच्या इन्स्टॉलरला सी ड्राइव्ह लहान करायला सांगू नये. इथे दोन गोष्टींनी नवा माणूस गोंधळतो. पहिली, ५१२ जीबीची डिस्क तिथे सुमारे ४७६ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे. दुसरी, आकडा एमबीमध्ये विचारला जातो. १५० जीबी मोकळे करायचे असतील तर १५३६०० लिहावे.

कधी सी ड्राइव्ह निम्मी रिकामी असूनही विंडोज म्हणते की फक्त काही जीबीच कमी करता येतील. घाबरू नये. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट या हलवता न येणाऱ्या फाइली ड्राइव्हच्या मध्यावर किंवा शेवटाकडे बसलेल्या असतात. त्या तीन सोयी तात्पुरत्या बंद करून यंत्र पुन्हा सुरू केले की बहुतेक वेळा जागा सुटते. काम झाल्यावर पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट पुन्हा चालू करावेत.

मोकळी झालेली जागा तशीच काळ्या पट्टीत सोडावी, तिला विंडोजमधून फॉरमॅट करू नये. आणि डिस्कवर जी छोटी छोटी पार्टिशने दिसतात, ती 'काय कामाची' म्हणून पुसू नयेत. त्यांतले साधारण १०० ते ३०० एमबीचे एक पार्टिशन ईएफआयचे असते, त्यातूनच यंत्र सुरू होते. लिनक्सलाही तेच वापरायचे आहे.

फैजपूरकर_मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. रिकव्हरी की मुलीने काल रात्री काढून दिली. मी वाचली, तिने लिहिली, मग तिने वाचली आणि मी ताडली. बॅकअपचे काम सुरू केले आहे.

आता दोन शंका. १५० जीबी लिनक्ससाठी पुरतील का? आणि माझ्या श्रीलिपीतल्या प्रश्नपत्रिका लिनक्समध्ये उघडल्या जातील का?

मेहरूण_काठ

१५० जीबी पुष्कळ झाले. उबुंटू स्वतः बसल्यावर साधारण १० ते १५ जीबी घेते, बाकी जागा तिच्या कामासाठी राहते. रूट (प्रणालीची जागा) आणि होम (आपल्या फाइलींची जागा) वेगळे करावे की एकच ठेवावे यावर वर्षानुवर्षे वाद चालत आला आहे. पहिल्यांदा बसवणाऱ्याने एकच ईएक्सटी४ (लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचे) पार्टिशन करावे असे माझे मत आहे, म्हणजे एकीकडे जागा पडून आणि दुसरीकडे संपून अशी वेळ येत नाही. स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडली तर वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी, वेगळे पार्टिशन करण्याचीही गरज नाही, उबुंटू स्वॅपची फाइल स्वतः करते.

अक्षरजुळारी

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण अमळनेरला वीस वर्षे मी लग्नपत्रिका, स्मरणिका आणि प्रश्नपत्रिकाच जुळवत आलो आहे.

सर, तुमच्या जुन्या फाइलींमध्ये खरे म्हणजे मराठी अक्षरे साठवलेलीच नाहीत. त्या काळच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. फॉन्ट असेल तोवर 'शाळा' दिसते, फॉन्ट नसेल तर त्याच जागी निरर्थक रोमन चिन्हांची ओळ दिसते. लिनक्समधल्या लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडेल, परंतु तो फॉन्ट नसल्याने वाचता येणार नाही. फॉन्ट तिथे नेला तरी तुमच्या सवयीचे टंकलेखन तिथे नसेल. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकांचे काम विंडोजमध्येच करावे.

नवे काम मात्र युनिकोडमध्ये सुरू करा, ही कळकळीची विनंती आहे. युनिकोडमधला मजकूर विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे सारखाच वाचता येतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकलात तर तोही दोन्ही प्रणालींत एकच आहे, कारण त्याची मांडणी भारतीय मानक म्हणून ठरवून दिलेली आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. पंधरा दिवस बोटे अडखळतात, मग बसतात. मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो. उबुंटूत मराठी भाषा आणि कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो, नोटोचा देवनागरी फॉन्ट सहज मिळतो आणि जोडाक्षरे नीट बसतात.

तापीकाठ

अक्षरजुळारी काका, माझ्या आजोबांनी संपादित केलेली एक संपूर्ण स्मरणिका अशाच जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडली आहे. ती युनिकोडमध्ये आणता येईल का?

अक्षरजुळारी

येईल. फॉन्टचे नाव कळले की त्या फॉन्टसाठीचे परिवर्तक वापरून मजकूर पालटता येतो. रफार, पहिली वेलांटी आणि अर्धा र यांच्या जागा हमखास चुकतात, म्हणून पालटलेला मजकूर एका माणसाने मूळ छापील प्रतीशी ओळीने ताडावा लागतो. यासाठी नवा धागा काढा ताई, मी तिथे सविस्तर लिहीन.

शहादेकर

आयएसओ फाइल, म्हणजे जिच्यातून लिनक्स बसवायचे ती फाइल, उतरवण्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. उबुंटू २४.०४ ची फाइल सुमारे ६ जीबीची आहे, लिनक्स मिंटची त्याच्या निम्मी. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी वीज आणि नेट दोन्ही एकदम जातात, आणि अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण झाल्यासारखी दिसते. माझे पहिले दोन प्रयत्न त्यामुळेच फसले. इन्स्टॉल निम्म्यावर थांबे आणि मी पेनड्राइव्हला दोष देत बसे. शेवटी एसएचए२५६ ची बेरीज, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण, जुळवून पाहिली तेव्हा फाइलच खराब निघाली. ती बेरीज उबुंटूच्या संकेतस्थळावर दिलेली असते. आपल्या फाइलची बेरीज काढून दोन्ही अक्षरशः सारख्या आहेत याची खात्री करावी, आणि मगच रूफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह करावी. पेनड्राइव्ह ८ जीबीची पुरते, त्यावरचे सर्व आधी दुसरीकडे घ्यावे.

बसवताना बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जर लावलेला असावा, हे खान्देशात मुद्दाम सांगायला नको.

पांझरा

शहादेकरभाऊंनी फार महत्त्वाचे लिहिले. मी त्यात भर घालतो. पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर लगेच बसवू नये. 'ट्राय' म्हणजे न बसवता वापरून पाहण्याचा पर्याय असतो. त्यात वायफाय, आवाज, टचपॅड आणि पडद्याचा उजेड ही चार कामे होतात का ते पाहावे. लॅपटॉप अगदी नव्या बनावटीचा असेल तर वायफायचा ड्रायव्हर मिळत नाही असे कधी कधी होते, आणि ते डिस्कला हात लावण्याआधीच कळलेले बरे. तसे झाले तर मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे नेट वापरता येते.

सिक्युअर बूट आणि एन्क्रिप्शन ही दोन्ही मी बसवण्याआधी बंद करतो.

मेहरूण_काठ

इथे मी पांझराभाऊंशी असहमत आहे, आणि कारणासहित लिहितो. उबुंटू, फेडोरा, मिंट यांचा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, ज्याला शिम म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. उबुंटू तर २०१२ पासून सिक्युअर बूटसह चालते. मग ते बंद का करावे? ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अद्यतनानंतर जुने शिम असलेल्या अनेक लिनक्स प्रती सिक्युअर बूट चालू असताना उघडेनाशा झाल्या होत्या हे खरे आहे, परंतु त्यावर उपाय म्हणजे नवी आयएसओ घेणे आणि उबुंटू अद्ययावत ठेवणे.

एकच गोष्ट लक्षात ठेवावी. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल आणि त्याचा ड्रायव्हर बसवायचा असेल, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर 'एमओके' अशी अक्षरे येतात. तिथे 'एनरोल' निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. मुले तो पडदा पाहून घाबरतात किंवा काही सेकंद नुसती पाहत राहतात. तो निघून जातो आणि मग ड्रायव्हर चालत नाही.

एन्क्रिप्शनबद्दलही माझा विचार असा आहे की वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचा लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो. तिची कागदपत्रे, फोटो त्यात असतात.

पांझरा

मेहरूणभाऊ, सिक्युअर बूटचा मुद्दा मी मान्य करतो. जुन्या काळातली सवय होती, यापुढे चालू ठेवूनच बसवीन. एन्क्रिप्शनबाबत मात्र माझा अनुभव सांगतो. ते चालू असताना ग्रबच्या (यंत्र सुरू होताना कोणती प्रणाली उघडायची ते विचारणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅमच्या) यादीतून विंडोज निवडले की कधी कधी ४८ अंक मागितले जातात, कारण मध्ये ग्रब आल्याने बूटची साखळी बदललेली असते. बायोसच्या बूट मेन्यूतून थेट विंडोज उघडले तर मागत नाही. जाणत्या मुलीला हे सांभाळता येईल. मास्तर आणि वहिनींना प्रत्येक वेळी जमेल का?

मेहरूण_काठ

हे व्यवहाराला धरून आहे. निर्णय घरच्यांनी घ्यावा. बंद करायचे असेल तर सेटिंग्जमधून बंद करून डिस्क पूर्णपणे उघडी होईपर्यंत थांबावे आणि मगच पुढे जावे.

कान्हदेशी_राहुटी

'फास्ट स्टार्टअप' राहून गेले. ते बंद करणे आवश्यक आहे. विंडोजमध्ये शटडाउन केले की यंत्र खरोखर पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा हायबरनेशनच्या फाइलीत ठेवला जातो आणि सी ड्राइव्ह उघडीच राहते. दुकानदाराने रोकडवही उघडी टाकून जेवायला जावे, मागे दुसऱ्याने त्यात चार नोंदी कराव्यात, आणि दुकानदाराने परत येऊन डोक्यातल्या जुन्या शिलकेवरून पुढे लिहावे, तसा तो गोंधळ होतो. ड्राइव्ह उघडी राहिल्याची खूण लिनक्सला दिसते म्हणून ते विंडोजची ड्राइव्ह एक तर उघडत नाही किंवा फक्त वाचण्यापुरती उघडते. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप'पुढची बरोबरची खूण काढली की काम होते.

वाघूर

माझ्या यंत्रावर सर्व नीट बसले, परंतु लिनक्समधून विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे जाते. बॅटरी संपली असे समजून मदरबोर्डचा सेलही बदलून झाला.

मेहरूण_काठ

वाघूरभाऊ, सेल चांगला होता. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक पडतो. 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने लिनक्सला 'यंत्रातली वेळ स्थानिक मान' असे एकदा सांगितले की दोघांचे जमते. विंडोजच्या रजिस्ट्रीतूनही हे करता येते, परंतु दोन्हीकडे करू नये, नाहीतर पुन्हा साडेपाच तासांचा फरक येतो, या वेळी उलट दिशेने.

वाघूर

जुळले! मनःपूर्वक आभार.

गिरणाथडी

मास्तर, बसवण्याबद्दल सगळे लिहीत आहेत, तर काढण्याबद्दल मी लिहून ठेवतो. पुढे कधी लिनक्स नको झाले तर विंडोजमधून ते पार्टिशन थेट पुसू नका. ग्रबची उरलेली माहिती त्याच पार्टिशनमध्ये असते. ते पुसले की यंत्र सुरू होताना काळ्या पडद्यावर 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' एवढेच दिसते. आधी बायोसमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणावा, विंडोज थेट उघडते याची खात्री करावी, आणि नंतर पार्टिशन काढावे.

फैजपूरकर_मास्तर

मंडळी, दिवाळीच्या सुटीत काम पार पडले, म्हणून सविस्तर लिहितो.

वसुबारसेच्या दिवशी बॅकअप आणि रिकव्हरी ड्राइव्ह झाली. बॅकअपमधल्या प्रश्नपत्रिका शाळेच्या संगणकावर उघडून पाहिल्या. एन्क्रिप्शन बंद ठेवायचे असे आम्ही तिघांनी मिळून ठरवले, कारण पत्नीने 'अंक विचारले तर मी काय करू' असे विचारले आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलीची महत्त्वाची कागदपत्रे आता लिनक्समध्ये वेगळ्या कुलूपबंद फोल्डरमध्ये राहतील. सी ड्राइव्ह पहिल्या प्रयत्नात फक्त ४१ जीबी कमी होत होती. पांझराभाऊंनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही सोयी बंद केल्यावर १५३६०० हा आकडा स्वीकारला गेला.

पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू झाले, वायफाय चालले, आवाज आला. परंतु बसवायला गेलो तेव्हा डिस्कच दिसेना. आरएसटी नावाची (डिस्क हाताळण्याची इंटेलची) सोय चालू आहे, ती बंद करावी, असा संदेश आला. मुलगी बायोसमध्ये जाऊन ती लगेच बदलणार होती. मी तिला थांबवले आणि त्या रात्री पांझराभाऊंना खासगी संदेश पाठवला.

पांझरा

सरांनी थांबून विचारले हे फार चांगले केले. इतरांच्या उपयोगासाठी इथे लिहितो. ती सोय बायोसमधून थेट बदलली, तर विंडोजला सुरू होताना डिस्कचा योग्य ड्रायव्हर सापडत नाही आणि निळा पडदा येतो. म्हणून आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगावे, मग बायोसमध्ये आरएसटीऐवजी एएचसीआय (डिस्क हाताळण्याची दुसरी, साधी पद्धत) करावे, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज उघडू द्यावे, आणि मग सेफ मोडची खूण काढून नेहमीसारखे सुरू करावे. सेफ मोडमध्ये विंडोज हवा तो ड्रायव्हर स्वतः लावून घेते.

फैजपूरकर_मास्तर

अगदी याच क्रमाने केले. दुसऱ्या दिवशी डिस्क दिसली. मुलीने मोकळ्या १५० जीबीत एकच पार्टिशन केले आणि 'इन्स्टॉल' दाबण्याआधी पडद्यावरची बदलांची यादी मला मोठ्याने वाचून दाखवली. विंडोजची तिन्ही पार्टिशने त्यात जशीच्या तशी होती. पुढे वीसेक मिनिटांत काम संपले. घड्याळही त्याच वेळी जुळवून घेतले.

तापीकाठ ताई, तिच्याच हाताने होऊ द्या हा तुमचा आग्रह होता, त्याबद्दल विशेष आभार. भुसावळच्या नातेवाइकांचा मुलगा पाडव्याला घरी आला होता. त्याला ही सगळी तयारी तिने वहीत काढलेल्या आकृतीवरून समजावून सांगितली.

एकच गोष्ट उरली आहे. यंत्र सुरू झाले की यादीत पहिली पट्टी उबुंटूवर असते. पत्नीने काही न दाबल्यास उबुंटूच उघडते आणि तिला हिशेबाची फाइल सापडत नाही.

तापीकाठ

सर, वाचून फार आनंद झाला. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत 'डीफॉल्ट'पुढे शून्य लिहिलेले असेल. त्या जागी 'सेव्हड' लिहायचे, त्याखाली 'सेव्हडीफॉल्ट'पुढे 'ट्रू' अशी एक ओळ वाढवायची आणि ग्रब अद्ययावत करण्याची आज्ञा द्यायची. त्यानंतर जी प्रणाली शेवटी निवडली असेल तीच पुढच्या वेळी आपोआप उघडेल. फाइल बदलण्याआधी तिची एक प्रत ठेवायला मुलीला सांगा.

फैजपूरकर_मास्तर

प्रत ठेवून बदल केला. काल रात्री पत्नीने विंडोजमध्ये हिशेब लिहून यंत्र बंद केले होते. आज सकाळी सुरू केले तेव्हा पट्टी विंडोजवरच होती.